कल्लप्पाची कंबर कुणी मोडली

सोलापूरहून अक्कलकोटकडं जाणारी एसटी नागणकेरी फाट्यावर तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात ड्रायव्हर चहा घेतो, कंडक्टर आडोशाला जाऊन येतो, आणि उरलेल्या वेळात कल्लप्पा आपली कंबर मोडून दाखवतो.

मोडून दाखवतो म्हणजे सांगून. कंबर तर बावीस वर्षांपूर्वीच मोडली. बेंबीखाली त्याला चिमटा काढा नाहीतर निखारा ठेवा, तो तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहील. मौलालीच्या चहाच्या टपरीशेजारी, लिंबाखाली, तीनचाकी सायकलीवर तो बसलेला असायचा. वर धड पैलवानाचं, मान बैलाची, कान चुरगळलेल्या पापडासारखे. आणि खाली दोन पाय असे, की कुणाचे तरी उसने आणून लावलेत आणि मालक परत न्यायला विसरलाय. एसटीच्या खिडकीतून कुणी नवखा डोकावला आणि त्याची नजर त्या पायांवर गेली की कल्लप्पाचं काम सुरू.

"काय बगताय, पावनं? पाय बगताय व्हय? आदी ही कमान बगा."

फाट्यावर कमान होती. 'महाबली पैलवान सिद्धाराम प्रवेशद्वार, मौजे नागणकेरी'. दोन्ही खांबांवर सिमेंटचा एकेक पैलवान शड्डू ठोकून उभा. गवंडी देवळांची कामं करणारा होता, त्यामुळं पैलवानांना मिशा आल्या खऱ्या, पण डोळे देवीचे झाले.

"त्या मानसानं मोडली ही," असं म्हणून कल्लप्पा मांडीवर थाप मारायचा, आणि मग सिद्धाराम सुरू व्हायचा. सिद्धाराम पहाटे जोर काढायला लागला की वेशीजवळच्या विहिरीचं पाणी हिंदकळायचं. बायका कळश्या घेऊन काठावर थांबायच्या, ह्याचे हजार होऊ देत मग भरू म्हणून. त्याची कुस्तीची लांग वाळत घातली की म्हशी बुजायच्या. एकदा त्यानं तालमीत शड्डू ठोकला, तर तीन कोसांवरच्या गेटमननं गाडी आली समजून फाटक पाडलं आणि दोन तास उघडलंच नाही, कारण गाडी काही येईना. असल्या सिद्धारामानं एका रविवारी कल्लप्पाला कलाजंगवर घेतला. कलाजंग म्हणजे समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि मागं फेकायचा.

"वर गेलो पावनं, तर मला हितनं अक्कलकोटचा कळस दिसला. एवढ्या वर. खाली यायला येळ लागला. मधी माझ्या मनात दोन इचार यून गेले. एक, लगीन राहिलं आपलं. दुसरा आता आटवत न्हाय. आणि मग कडाड. सोलापुरात ऐकू गेलं. बंद गिरणीचा भोंगा वाजला समजून म्हातारे कामगार डबे घिऊन निघाले."

खिडकीतला माणूस हसायचा. हसता हसता त्याची नजर परत पायांवर जायची आणि हसू तिथंच थांबायचं. त्या क्षणासाठी कल्लप्पा बावीस वर्षं जगत होता. तसं बघायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

एक मात्र होतं. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं, तेव्हा पहिला फेटा कल्लप्पाला बांधत. आमदाराच्या आधी. गावात पंगू आणखी दोघं होते, एक चिंचेवरून पडलेला आणि एक कडबाकुट्टीत हात गेलेला. त्यांना वर्षातून एकदा सरकारी फॉर्म मिळायचा. फेटा कल्लप्पाला, कारण कंबर सगळ्यांचीच मोडते, पण ती मोडली कुणाच्या हातनं ह्याला गावात किंमत होती.

त्याला घरून फाट्यावर आणायचा तो निंगप्पा. गावात दूध घालणारा, सरळ, वाळका, चाळिशी उलटलेला माणूस. सकाळी सात वाजता यायचा, कल्लप्पाला खाटेवरून खांद्यावर घ्यायचा, धुऊनपुसून सायकलीत ठेवायचा, फाट्यापर्यंत ढकलत न्यायचा आणि मग आपल्या दुधाच्या कॅन घेऊन निघायचा. संध्याकाळी परत. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. स्वतःच्या लग्नादिवशीसुद्धा मुंडावळ्या बांधून आला होता. गाव म्हणायचं, पुण्यवान आहे. कुणी म्हणायचं, डोक्यानं कमी आहे. कल्लप्पा दुसऱ्या मताचा होता, निदान तसं बोलायचा.

"हळू, रेड्या. कॅन न्हाय ही. मानूस हाय."

"हौदु, अण्णा," निंगप्पा आपल्या आईच्या कानडीत हो म्हणायचा आणि हळू करायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सिद्धाराम पेपरात आला.

सिद्धाराम बरीच वर्षं सोलापुरात राहत होता. पोट सुटलं होतं, जीम काढली होती, आणि आता त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. उभं राहायचं म्हटल्यावर विरोधकांनी त्याला आडवा करायला घेतला. अठरा वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून तो चार वर्षं मैदानात उतरला नव्हता, असं गावाला माहीत होतं. पेपरात आलं की गुडघ्याला काही झालं नव्हतं. लघवी तपासली होती, तीत इंजेक्शन सापडलं होतं, आणि चार वर्षांची बंदी होती. मागोमाग सगळ्यांच्या मोबाइलवर एक आवाज फिरला. त्यात सिद्धाराम समोरच्या पैलवानाला सांगत होता की सातव्या मिनिटाला मी पाठ टेकतो, तू घाई करू नकोस. आणि तिसऱ्या दिवशी त्याची बायको प्रियदर्शनी मार खाऊन माहेरी निघून आली. तिचं माहेर नागणकेरीतलंच होतं.

सरपंच वैजयंतीबाई बी.एड. झालेल्या होत्या. त्यांनी ग्रामसभा लावली. विषय एकच, कमानीवरचं नाव ठेवायचं की पुसायचं. आणि आदल्या दिवशी त्या स्वतः स्कूटीवरून फाट्यावर आल्या.

"कल्लप्पामामा, उद्या तुम्ही बोलायचं."

"मी काय बोलू, सरपंचबाई?"

"खरं ते. त्यानं तुमचं आयुष्य ह्या सायकलीवर बसवलं. गावात बाकी कुणाला नसेल एवढा राग तुम्हाला असायला पाहिजे."

"राग," कल्लप्पा म्हणाला. कुणी परगावचं फळ हातात द्यावं आणि ते सोलून खायचं की तसंच, हे कळू नये, तसा त्यानं तो शब्द तोंडात फिरवला.

"असल्या माणसाला हिरो म्हणायचं आणि पोरांनी येता-जाता त्याच्याखालून जायचं, हे बरोबर आहे का?"

"येतो की. बोलतो."

बाई खूश होऊन गेल्या. कल्लप्पा मात्र त्या दिवशी दोन एसट्या आल्या तरी गप्प बसला. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. नाव पुसलं, तर आपण कुणाखाली मोडलो? इंजेक्शन घेणाऱ्या, बायकोवर हात टाकणाऱ्या, ठरवून पाठ टेकणाऱ्या एका ढेरपोट्याखाली. मग त्यापेक्षा तो चिंचेवरून पडलेला बरा. चिंच तरी इमानदार असते. जत्रेतला पहिला फेटा जाईल. खिडकीतला माणूस हसायचा थांबणार नाही, हसतच राहील. आणि संध्याकाळी निंगप्पा घरी आणून ठेवील, ते एका नुसत्या लुळ्या माणसाला.

ग्रामसभा सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात भरली. पाण्याच्या विषयाला सतरा माणसं येतात. ह्या विषयाला झाडावरसुद्धा जागा राहिली नाही. सिद्धाराम पांढरा सदरा घालून आला होता. गावाचा ठराव त्याला तिकिटासाठी हवा होता, म्हणून चेहरा असा नरम केला होता, की आत्ता कुणी कानाखाली वाजवली तरी दुसरा गाल शोधून द्यावा. निंगप्पानं कल्लप्पाची सायकल पुढच्या रांगेत लावली आणि तो मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

सरपंचबाईंनी पहिला आरोप वाचला. इंजेक्शन.

केराबाई उठली. गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ बाई. "इंजेक्शन तर माज्या म्हशीला बी देत्यात. म्हनून दूध काय डाक्टरचं झालं व्हय? म्हशीचंच की."

हे सभेला पटलं. पुढचा आरोप, ठरवून केलेली कुस्ती.

"पडला तो सांगलीकडच्या मैदानात पडला," मागून एकजण म्हणाला. "आपल्या गावच्या मातीत पडला का? न्हाय की. मग आपलं काय गेलं?"

हेही पटलं. तिसऱ्या आरोपाला प्रियदर्शनी उभी राहिली. तिनं फक्त वरचा ओठ बोटानं उचलला. समोरचे दोन दात नव्हते.

"राहिलेत की तीस," कुणीतरी म्हणालं.

हसण्याची एक लाट पुढून मागं गेली. बायकाही हसल्या आणि मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. प्रियदर्शनी बसली. तिच्या शेजारच्या बाईनं आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली.

सिद्धारामानं हात जोडले. "चुका मानसाकडनं होत्यात. मी देव न्हाय."

"आमी कुटं म्हनलो देव?" केराबाई म्हणाली. "हिरो म्हनलो. देवाला लई नियम असत्यात."

सरपंचबाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. "आता कल्लप्पामामा बोलतील. ज्यांची कंबर ह्या माणसानं मोडली, त्यांचं सगळ्यांनी ऐकायचं."

 कल्लप्पानं हातानं स्वतःचे पाय नीट लावून घेतले, समोर ठेवल्यासारखे, आणि बोलायला लागला.

"सरपंचबाई म्हनत्यात, मला राग यायला पायजे. कशाचा? तालुक्यात पाचशे पैलवान झालं. त्यातल्या एकानं माजी मोडली आन तो सिद्धाराम निघाला, हे नशीब किती जनांचं असतं? माजी कंबर दुसऱ्या कुनी मोडली असती तर आज मी तुमच्याम्होरं बसलो असतो का? परसाकडं सोडून आला असता मला तुमी. ह्यो मानूस वाईट असंल. असू दे. वाईटच पायजे. चांगल्या मानसानं कदी कुनाची कंबर मोडलेली ऐकलीय का? चांगली मानसं शाळेत मास्तर हुत्यात. त्यांची कमान बांदत्यात व्हय कुनी?"

शाळेचे मास्तर पहिल्या रांगेतच होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग कल्लप्पानं ते सगळं सांगितलं, विहिरीचं पाणी, गेटमन, अक्कलकोटचा कळस, गिरणीचा भोंगा. एसटीला तीन मिनिटं असतात, इथं पाऊण तास मिळाला. त्यानं भोंग्याच्या मागं आणखी दोन गिरण्या जोडल्या. लोकांच्या अंगावर काटा आला. सिद्धारामाच्यासुद्धा आला.

नाव राहणार हे आता आभाळाइतकं स्वच्छ झालं. सरपंचबाई हरल्या होत्या, पण बी.एड. झालेली बाई हरताना एक तरी सही घेते. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गाव म्हणतंय तर नाव ठेवू. पण एक अट. ह्यांनी कल्लप्पामामांची माफी मागायची आणि ती ठरावात लिहायची. 'मी कल्लप्पाची कंबर मोडली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही."

त्यांनी तिथल्या तिथं लिहिलं आणि वही सिद्धारामापुढं सरकवली.

"माग की पैलवान, काय जातंय," लोक म्हणाले.

कल्लप्पाची मान एक इंच वर गेली. लेखी. ग्रामपंचायतीच्या वहीत. कमान एखाद्या दिवशी ट्रकनं पाडली असती. वही कोण पाडणार होतं?

सिद्धाराम पेन हातात घेऊन थांबला. निवडणुकीसाठी त्यानं सोलापुरात एक वकील धरला होता, आणि वकिलानं त्याला एकच शिकवलं होतं: काय वाट्टेल ते बोल, लिहून काही देऊ नको.

"तोंडी मागतो," तो म्हणाला.

"तोंडी चालणार नाही."

"उद्या ह्यो कागद घिऊन कुनी कोर्टात गेलं म्हंजे? जन्माचं अपंगत्व केलं म्हनून? मी न्हाय सही करनार."

"म्हणजे माफी मागायची नाही तुम्हाला?"

"आवो बाई, मी मोडलीच न्हाय." सिद्धारामानं पेन वहीवर टाकलं. "त्या रविवारी मी सोलापुरात पिक्चरला गेलतो. तालमीत नव्हतोच. ह्योच दवाखान्यात पडून सगळ्यांना सांगायला लागला, सिद्धारामानं मोडली. मला काय, फुडच्याच म्हैन्यात मैदानात समोरचा पैलवान हात मिळवतानाच थरथरायला लागला. मी कशाला न्हाय म्हनू? विचारा की त्याला."

पटांगणात असा सन्नाटा झाला, की मौलालीच्या टपरीवर चहा उतू गेल्याचा आवाज आला म्हणतात; आणि टपरी अर्ध्या कोसावर आहे.

सगळ्यांनी कल्लप्पाकडं बघितलं. कल्लप्पा आपल्या पायांकडं बघत होता.

"म्हंजे," केराबाई सावकाश म्हणाली, "ह्यानं तुजी न्हाय मोडली. मग दुसऱ्या कुनाची मोडली का?"

"कुनाचीच न्हाय," सिद्धाराम म्हणाला. त्याला वाटलं, आपण सुटलो.

"येकाची बी न्हाय?"

"न्हाय, आजी. देवाची आन."

गावाचं तोंड कडू झालं. इंजेक्शन माफ झालं होतं, ठरवून पडणं माफ झालं होतं, दात तर मोजून वजा केले होते. पण ह्यानं आजवर कुणाची कंबरच मोडली नाही म्हटल्यावर गावाला फसल्यासारखं झालं. दहा वर्षं आपण ह्याच्या नावाखालून बैलगाड्या नेल्या, पोरींच्या वराती नेल्या, आणि हा पिक्चर बघत बसला होता.

"तरीच," कुणी म्हणालं. "मला त्याच्या दंडात काय दम दिसतच नव्हता."

"इंजेक्शन घितल्याबिगर काय हुतंय त्याच्याच्यानं."

"बायकांवर हात टाकनारा, दुसरं काय करनार."

प्रियदर्शनीच्या शेजारच्या बाईनं खुर्ची परत जवळ ओढली. नाव पुसायचा ठराव पाच मिनिटांत झाला आणि सिद्धाराम कोणत्या बाजूनं गेला हे कुणी बघितलंही नाही.

सरपंचबाई जिंकल्या. पण त्यांना सभा आवरता येईना, कारण केराबाई अजून उभीच होती. "मग तुजी मोडली कुनी, कल्लप्पा? का चिंचंवरनं पडलास?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. खिडकीतल्या माणसाचं असायचं ते हसू, पण हे थांबत नव्हतं. 

"मी मोडली," मागून आवाज आला.

निंगप्पा भिंतीपासून पुढं आला होता. त्याची नजर जमिनीवर होती.

"माज्याकडनं झालं. मी तालमीत दूध घालाय गेलतो. वस्ताद नव्हतं, पैलवान नव्हतं. अण्णा म्हनला, ये हौद्यात, खेळू मातीत. मी न्हाय म्हनलो. अण्णानं वडलं. धा बारा येळा मला पाडलं. मग तोंडात माती घातली. मला दिसंना काय. रोज दूध ओतताना तो डाव बगायचो, तसा हात गेला. अण्णा काठाच्या दगडावर पडला. दवाखान्यात म्हनला, तुजं नाव काढशील तर बग. म्हनून न्हाय बोललो. माजं चुकलं."

बावीस वर्षांत निंगप्पा एवढं कधी बोलला नव्हता. आता तो रडायलाही लागला. पण रडणाऱ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गाव त्याचे दंड बघत होतं.

"ह्यो?" एकजण म्हणाला. "ह्या काटकीनं कल्लप्पाला उचलला? शंभर किलोचा पैलवान हुता तो."

"खोटं बोलतोय. कल्लप्पाला वाचवायला."

"कल्लप्पा, तू सांग. खरं हाय का?"

आता कल्लप्पानं काय करावं? नाही म्हटलं, तर तो चिंचेवरचा. हो म्हटलं, तर दूधवाल्यानं मोडलेला. त्यानं मान वळवून निंगप्पाकडं नीट बघितलं. रोज तो माणूस पाठीमागून ढकलायचा, त्यामुळं समोरून कधी बघितलंच नव्हतं. सदऱ्यावर दुधाचे डाग, गालावर पाणी, गळ्यात तुळशीची माळ. अशा माणसाखाली जन्म गेला म्हणून कोण फेटा बांधील? माल फार हलका होता. पण कल्लप्पानं ह्याहून हलका माल खपवला होता; सिद्धाराम तरी काय होता?

"खरं हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाट्यावरचा झाला. "मी नाव झाकलं ते का? ह्याला नजर लागू ने म्हनून. तुमी ह्याला दूधवाला समजता. चार कॅन सायकलीला लावून चढ चढताना ह्याला कदी धाप लागलेली बगितली का? लागत न्हाय. एकदा ह्याची म्हैस हिरीत पडली. दोरी न्हाय, क्रेन न्हाय. ह्यो खाली उतरला आन म्हैस खांद्यावर घिऊन वर आला. वर आल्यावर म्हशीला धाप लागली हुती."

"अण्णा, मी कुटं..."

"गप. ह्यानं मला त्या दिवशी खेळत खेळत उचलला. सिद्धाराम पिक्चरला का गेलता? ह्याला भिऊन गेलता. तालमीत हजार जोर काढायचा आन दुपारी दूधवाला आला की मागच्या दारानं पळायचा."

पटांगण हललं. बघता बघता गावाला सगळं आठवायला लागलं. एकाला आठवलं की निंगप्पानं एकदा ट्रॅक्टर ढकलला होता. दुसऱ्याला आठवलं की त्यात नांगरही होता. केराबाई म्हणाली, ह्याच्या आईला ह्याच्या वेळी अकरा महिने लागले होते. शंका फक्त एकाच कोपऱ्यात उरली, आणि तिथून मागणी आली, "मग उचलून दाखवू दे की."

"दाखव, निंगप्पा."

"मला दुधाला उशीर झालाय," निंगप्पा म्हणाला. "अण्णाला घरी पोचवतो."

"उचल," कल्लप्पा दातांतून म्हणाला.

निंगप्पा वाकला. रोज सकाळी घ्यायचा तसा त्यानं एक हात मांडीखाली घातला, एक दंडाला धरला, आणि कल्लप्पाला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला. त्याला फक्त अण्णाला सायकलीत नीट बसवून घरी न्यायचं होतं. पण बावीस वर्षं रोज दोनदा केलेलं काम, त्यात हिसका नव्हता, श्वास चढला नव्हता. वर गेलेला कल्लप्पा आता शंभर किलोचा राहिला नव्हता, दीड बकऱ्याचा झाला होता, हे कुणी मोजलं नाही. टाळ्या पडल्या. हलगीवाला कुठूनसा आला. खांद्यावरून कल्लप्पाला एवढंच दिसलं, की सरपंचबाई वही मिटून बसल्या आहेत आणि त्यांच्या हातातली वही कुणीतरी ओढून घेतंय. नवा ठराव लिहायचा होता. 'महाबली निंगप्पा प्रवेशद्वार.' सिमेंटचे पैलवान तेच ठेवायचे, मिशा थोड्या खरवडायच्या.

"बाई, नका लिवू," निंगप्पा म्हणाला. हलगीत ते ऐकू आलं नाही.

घरी जाताना वाटेत चार ठिकाणी लोकांनी निंगप्पाच्या पायाला हात लावला. दोघांनी त्याच्या हातातून सायकल काढून घेतली. थोडं ढकलून कंटाळले आणि परत दिली. घराशी आल्यावर निंगप्पानं कल्लप्पाला खाटेवर ठेवलं, पाय सरळ केले आणि पाण्याचा तांब्या उशाशी आणला.

"अण्णा, आज माजं वझं उतरलं. बावीस वर्सं छातीवर दगुड हुता."

"उद्यापास्नं यू नको," कल्लप्पा म्हणाला.

निंगप्पाला वाटलं, थट्टा. "व्हय, रेडा येतो की उद्या."

"यू नको म्हनतोय. आरं, तू आता कोन हाईस, कळतंय का? ज्यानं माजी कंबर मोडली तो मानूस. तू लोकांदेखत माजं ढुंगन धुनार? सायकल ढकलनार? बगनाऱ्याला काय वाटंल? ह्या घरगड्यानं मोडली ह्याची, म्हनत्याल. मग माजी काय इज्जत राहिली? सिद्धाराम बावीस वर्सांत एकदा तरी आला का मला बगायला? तसं पायजे."

"मग तुमचं कोन करंल?"

"ते माजं मी बगीन. तू दंड काड जरा. मिशा ठिव. आन फाट्यावर माज्याकडं बगू नको. बगितलंस तर रागानं बग."

निंगप्पा दारापर्यंत जाऊन परत वळला. "तुमी माफ केलं का न्हाय मला, तेवडं सांगा."

"माफ केलं तर कमान पडंल, खुळ्या," कल्लप्पा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या कुशीवर वळायलाही त्याला एरवी निंगप्पा लागायचा. आज तो कसा वळला कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सात वाजता कुणी आलं नाही. कल्लप्पानं खाटेवरून स्वतःला खाली सोडलं, अंगण हातांवर ओढत पार केलं, आणि सायकलीवर चढायला त्याला आठ वेळा पडावं लागलं. हातांनी चाकं फिरवत फाट्यावर पोचला तेव्हा साडेदहा झाले होते.

"अण्णा, पायाला रगत आलंय," मौलाली म्हणाला. "सदरा बी भिजलाय."

"कुटं?" कल्लप्पानं विचारलं.

पाठोपाठ एसटी आली. खिडकीत एक चष्मेवाला होता, सोबत बायको. कमानीवर रंगारी चढला होता, 'निंगप्पा'तला 'निं' तेवढा झाला होता. कल्लप्पानं पाय बघायला दिले, मग कमान दाखवली, आणि सुरू केलं. म्हैस, विहीर, चार कॅन, अकरा महिने. दोन ठिकाणी जुनं नाव जिभेवर आलं, ते त्यानं गिळलं. कळस दिसला. भोंगा वाजला. चष्मेवाला हसला, त्याची नजर पायांवरच्या रक्तावर गेली आणि तो थांबला. अगदी पहिल्यासारखा.

"कुठे असतात हो आता हे निंगप्पा? बघायला मिळतील का?"

दोन हातांच्या अंतरावर निंगप्पा मौलालीला दूध मापून देत होता. मिशांचं अजून काही दिसत नव्हतं. त्याचं माप हवेतच थांबलं, आणि त्यानं कल्लप्पाकडं बघितलं. रागानं बघायला जमलं नाही त्याला.

"न्हाय वो," कल्लप्पा म्हणाला. "असली मानसं कुटं आपल्यासारख्याच्या नजरंला पडत्यात."

कंडक्टरनं घंटी मारली. निंगप्पानं माप पुरं केलं, कॅनला झाकण लावलं आणि चढाच्या बाजूनं निघून गेला. मौलालीनं एक फडकं ओलं करून आणलं आणि कल्लप्पाच्या पायाजवळ धरून विचारलं, पुसू का. कल्लप्पा म्हणाला, राहू दे, बाराची गाडी यायचीय.